बावीस इंच

— नाही, नाही, नाव बरोबर आहे, अक्षरंही ठसठशीत आहेत, मी विचारतोय ते वेगळंच. हे वाक्य संपतं ना, त्याच्याखाली माझं नाव, आणि नावाच्या डोक्यावर ही चांदणी. ही कुणी काढायला सांगितली? — कुणी नाही? मग आली कुठून, आकाशातून पडली? — हां. त्या भिंतीवरच्या चौकटीतल्या पानावरून. म्हणजे मागच्या खेपेला तुमचे ते दुसरे साहेब फोटो काढून घेऊन गेले आणि तुमच्या नकाशे काढणाऱ्या बाईंनी जसंच्या तसं उतरवलं, चांदणीसकट. शोभेची वाटली त्यांना. नाही, त्यांना रागावू नका, त्यांचं काय चुकलं, मक्षिकास्थाने मक्षिका म्हणतात तसं झालं, पण सरळ मनानं झालं. बसा हो, उठताय कशाला? चहा सांगितलाय. तुमची गाडी सव्वाबाराची, आत्ता कुठे अकरा होतायत, आणि इथून स्टेशन चार मिनिटांवर — माझ्या पावलांनी आता अकरा, पण तुमच्या पावलांनी चारच.

तर संमतीपत्रावर सही, तीन ठिकाणी, कुटुंबप्रमुख म्हणून. करतो. न करायला काय झालं? इथल्या स्टेशनच्या नव्या प्रतीक्षालयाला माझ्या बायकोचं नाव देताय, दगडी पाटीवर तिचं नाव, त्याखाली मी संसदेत केलेल्या भाषणातलं वाक्य — कुणाला आवडणार नाही? माझी मुलगी तर महिनाभर जमिनीवर चालत नाहीये. आत मशीनचा आवाज येतोय ना, तीच. आईचं मशीन. रविवारी समारंभाला घालायला स्वतःचे कपडे शिवतेय. तो आवाज चालू आहे तोवर आपण जरा मोकळं बोलू. बंद झाला की मी हवापाण्याचं काहीतरी विचारीन, तुम्ही उत्तर द्या. — काही नाही हो, म्हाताऱ्यांच्या लहरी.

वाक्य पुन्हा वाचा बरं. मोठ्यानं नको. "या फलाटावर माणूस गाडीतून उतरत नाही, उडी मारतो." छान आहे की नाही? सगळे म्हणतात छान आहे. वर्तमानपत्रवाले म्हणाले, पक्षाचे लोक म्हणाले, तुमचे मंत्रीसुद्धा म्हणाले म्हणे. तीनदा निवडून आलो मी, रस्ते केले, दोन पूल केले, बसचा अख्खा डेपो आणला या गावात, पण लोक ओळखतात कशानं, तर फलाटवाले खासदार. आता सांगतो ते पाटीवर घालायचं नाही — वाक्य माझं नाही. हिचं आहे. ही शेजारच्या गावात बायकांना शिवण शिकवायची, शिवणवर्ग होता सरकारी, सकाळी सात चाळीसच्या गाडीनं जायची, संध्याकाळी पाच वीसच्या गाडीनं परत. अठरा वर्षं. खासदाराची बायको म्हणून मोटार मिळत होती, तर म्हणे मोटारीत बसून गेले तर बायका मला मापं देताना पोट आत ओढून उभ्या राहतील. असं बोलायची. आणि गुडघे गेले होते तिचे, दोन्ही. एकदा जेवताना मी ऐटीत म्हटलं, अगं, आज अमुक तमुक महामार्गावर बोललो. तर म्हणाली, देशाचे रस्ते झाले असतील बोलून तर घरच्या गुडघ्यावर बोला. आम्ही त्या स्टेशनावर उतरत नाही हो, उड्या मारतो.

मी हसलो. मला वाटलं, झालं, बोलून गेली. दुसऱ्या दिवशी पाच वीसच्या गाडीतून उतरली आणि तिथंच फलाटावर बसली, गुडघे दुखत असताना, आणि गळ्यातली मापाची पट्टी काढून पायरीपासून फलाटापर्यंत अंतर मोजायला लागली. गाडी दोन मिनिटं थांबते. गार्ड हिरवं निशाण हातात घेऊन ओरडला, काय बाई, गाडीला झगा शिवताय की काय? ही म्हणाली, झगा नाही, लांडा झालाय तुमचा फलाट, त्याला खालून पट्टी लावायचीये. सगळं स्टेशन हसलं. घरी येऊन वहीच्या पानावर लिहून दिलं मला — बावीस इंच. खाली किती बायका, किती म्हातारे, एक लंगडा पोस्टमन, पाठीवर मूल घेऊन उतरणारी एक भाजीवाली, एकूण एक. त्यावरून मी निवेदन लिहिलं. तिचं वाक्य पहिलं घातलं. तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, माझं वाक्य चोरलंत, शिलाई पडेल. — चहा घ्या. साखर कमी असली तर सांगा, माझ्यामुळे सगळ्या घराला कमी साखर प्यावी लागते.

आता आमच्याकडे संसदेत कसं असतं, बघा. असा स्थानिक प्रश्न मांडायचा तर सकाळी दहाच्या आत चिठ्ठी टाकायची. शे-दीडशे चिठ्ठ्या पडतात, त्यातल्या वीस निघतात. ज्याची निघाली त्याला तीन मिनिटं. तीन मिनिटं संपली की माइकवरचा लाल दिवा लागतो आणि मग तुम्ही स्वर्गातल्या देवाशी बोला नाहीतर भिंतीशी, कुणाला ऐकू जात नाही. मी दोन अधिवेशनं चिठ्ठ्या टाकत होतो. निघेना. ही रोज फोनवर विचारायची, लागली का लॉटरी? आणि एक दिवस लागली. सातवा नंबर. आदल्या रात्री मी खोलीत आरशापुढे उभा राहून घड्याळ लावून म्हणून बघितलं — दोन मिनिटं पन्नास सेकंद. दहा सेकंद उरत होते. त्यात काय म्हणावं याचा विचार करत झोपलो.

सकाळी सभागृहाच्या दारातच पक्षप्रतोद भेटला. प्रतोद म्हणजे, कुणी कधी बोलायचं, कधी गप्प बसायचं, हे ठरवणारा गृहस्थ. माझ्या खांद्यावर हात टाकला — हा माणूस खांद्यावर हात टाकायला लागला की समजावं, खिशातलं काहीतरी जाणार — आणि म्हणाला, बारा वाजता मोठं विधेयक आहे वाहतुकीचं, अमक्याचा घसा बसलाय, तुम्ही बोला, पक्षातर्फे, दहा मिनिटं. दहा मिनिटं! तुम्हाला कल्पना नाही. मागच्या बाकांवरची माणसं पाच वर्षं काढतात आणि त्यांना दहा मिनिटं मिळत नाहीत. मी म्हटलं, पण माझा आज सातवा नंबर आहे. म्हणाला, तो कागद पटलावर ठेवून द्या. एका दिवसात दोनदा उभे राहिलात तर बाकीचे कुरकुर करतात. आणि हसून म्हणाला — स्टेशन तुमच्या सौभाग्यवतींचं ना? समोरच्या बाकावरून एखादा टोमणा आला तर दुपारच्या भाषणाचीही हवा जाईल.

पटलावर ठेवणं म्हणजे काय — तुम्ही विचारणारच. म्हणजे वाचायचं नाही. उभं राहायचं, म्हणायचं, महोदय, मी हे निवेदन पटलावर ठेवतो, की शिपाई येऊन कागद घेऊन जातो, आणि ते वाचलं असं धरून चालतात. छापतातसुद्धा, बोलल्यासारखंच छापतात. गैर काही नाही त्यात, नियमात आहे, रोज दहा-वीस जण ठेवतात. मी ठेवला. पाच सेकंद लागले असतील. आणि खरं सांगू? खाली बसताना मला बरं वाटलं. टोमण्याची भीती होती ना मनात, ती गेली. बायकोच्या गुडघ्यासाठी संसद राबवतो, असं कुणी म्हटलं असतं तर? — तुम्ही मान हलवताय, पण तुम्ही माझ्या जागी नव्हता. मीही नव्हतो म्हणा माझ्या जागी त्या दिवशी.

एवढंच असतं तरी मी कदाचित जगलो असतो नीट. पण आठव्या नंबरला एक मास्तरीणबाई होत्या. पूर्वी शाळेत होत्या म्हणून आम्ही मास्तरीणबाई म्हणायचो. पहिल्यांदाच निवडून आलेल्या. उठल्या, हातातला कागद इतका हलत होता की माइकवर फडफड ऐकू येत होती. आणि विषय काय? त्यांच्या गावच्या स्टेशनचा फलाट. उंची! माझ्या शेजारच्यानं मला कोपर मारलं, म्हणाला, तुमची जुळी बहीण. त्यांचं धड वाक्य पुरं होत नव्हतं, आकडा चुकला, परत मागे गेल्या, लाल दिवा लागला, आवाज बंद झाला, तरी या आपल्या हातानंच दाखवतायत — फलाट इथं, पायरी इथं, माणूस असा पडतो. आणि मंत्री बसलेले होते समोर. त्या दिवशी बसलेले होते. नेहमी नसतात, त्या दिवशी होते. उठून उभे राहिले आणि म्हणाले, बाई, हात खाली घ्या, तुमचा फलाट मी करून देतो. सगळं सभागृह हसलं, बाकं वाजली. मीही वाजवलं. या हातानं. आठ महिन्यांत झाला तो फलाट. मी जाऊन पाहून आलोय एकदा, कुणाला न सांगता. चांगला केलाय. पाय अलगद पडतो.

दुपारी मी दहा मिनिटं बोललो. कशावर बोललो ते विचारू नका, आठवत नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला होता.

— थांबा, मशीन थांबलं. दोरा संपला असेल. ...काय म्हणता, तुमच्याकडे पाऊसपाणी कसं आहे यंदा? — हं. — लागलं पुन्हा. बरं झालं.

संध्याकाळी हिचा फोन. वर्ग होता म्हणून तिला टीव्हीवर काही बघता आलं नव्हतं. बोललात? — मी म्हटलं, मांडलं. आम्ही लोक शब्द फार जपून वापरतो, खोटं बोलायचं असलं की जास्तच. मांडलं, हे खोटं नव्हतं. मंत्री काय म्हणाले? — लेखी उत्तर येईल. तेही खोटं नव्हतं. आलं पाच आठवड्यांनी, माझ्या राजधानीतल्या पत्त्यावर. सदर स्थानकावरील प्रवासीसंख्या विहित निकषात बसत नाही. बसत नाही! अहो, बसायला कुणाला सवड होती, सगळी उड्या मारत होती. पण त्याआधी कामकाजाचं छापील पुस्तक आलं घरी. हिनं पान काढलं, चष्मा लावून दोनदा वाचलं. आपलं वाक्य छापलेलं पाहून — कसं सांगू तुम्हाला — लग्नातसुद्धा मी तिचा चेहरा तसा पाहिला नव्हता. आणि मग बोट ठेवून विचारलं, अहो, तुमच्या नावावर ही चांदणी कसली?

चांदणीचा अर्थ त्याच पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असतो. सभागृहात वाचले नाही, पटलावर ठेवले. एवढाच. पान उलटलं असतं तर तिलाही दिसला असता. पण तिनं पान उलटलं नाही, मला विचारलं. आणि मी म्हटलं — महत्त्वाच्या विषयांवर घालतात.

हे बघा, आयुष्यात मी खोटं कमी बोललेलो नाही, राजकारणात होतो, कीर्तनात नव्हतो. पण ते चार शब्दही नाहीत, तीन शब्दांचं खोटं. तिनं तिच्या मोठ्या कात्रीनं ते पान कापलं, आणि त्या भिंतीवर लावलं. आणि मग स्टेशनावर सांगायला सुरुवात केली. सात चाळीसला सांगायची, पाच वीसला सांगायची. हे बोलले हो संसदेत, चांदणी मिळालीये विषयाला, होईल आता. त्या भाजीवालीला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं. कुणी सरकारला शिव्या घातल्या की म्हणायची, धीर धरा, बोलून झालंय आमच्या घरातून. बोलून झालंय! पाच महिने ती असं सांगत होती आणि मी राजधानीतून फोनवर हो हो म्हणत होतो. परत चिठ्ठी टाकायला काय झालं होतं मला? टाकणार होतो. पण पुन्हा टाकली तर ती विचारणार, बोलून झालं होतं ना, मग पुन्हा कशाला? — एका चांदणीपायी दुसरी चिठ्ठी टाकता येईना.

पडली ती पाच वीसच्या गाडीतून. पाऊस नाही, गर्दी नाही, गाडी उभी. ही एकटीच उतरत होती त्या डब्यातून. पिशवी आधी खाली टाकली, नेहमीसारखी, मग पाय. गुडघा वळला. फलाटाची कडा डोक्याला लागली. बस. इतकंच. मोठा अपघात म्हणावा असंही काही नाही. नऊ दिवस होती रुग्णालयात. शुद्धीत होती, मधूनमधून. तिथली नर्स बिचारी सरकारला नावं ठेवत होती, तर हिला वाटलं मलाच लागेल ते, म्हणाली, यांनी मांडलं होतं हो, यांचं कुणी ऐकलं नाही त्याला हे काय करणार. आणि सातव्या दिवशी दुपारी मी एकटाच होतो. माझा हात धरला आणि म्हणाली, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही तर बोलला होतात.

मी, साहेब, टिपणाशिवाय दहा मिनिटं कुठल्याही विधेयकावर बोलू शकतो. मी तोंड उघडलं. तिनं वाट पाहिली, बघा — तिला कळलं होतं मी काहीतरी सांगणार आहे, डोळे उघडे ठेवून वाट पाहत होती. मग नर्स सलाइन बदलायला आली आणि मी खुर्ची बाजूला केली, तिला जागा द्यायला. परत बसलो तोवर झोप लागली होती तिला. आठवा, नववा दिवस ती बोललीच नाही.

मग काय, मग सगळं झालं. सभागृह उभं राहिलं तिच्यासाठी, मंत्री घरी आले, तीन महिन्यांत फलाट उचलला. निकष कुठे गेले कुणास ठाऊक. पुढच्या निवडणुकीत पक्षानं तेच वाक्य भिंतीभिंतीवर लावलं, खाली माझा हात जोडलेला फोटो. दुप्पट मतांनी आलो. नको म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही. प्रतोदानं पुन्हा खांद्यावर हात ठेवला, या वेळी मात्र त्याचे डोळे खरंच ओले होते, आणि तो सगळं विसरला होता. खरंच विसरला होता हो, त्याच्या लक्षातच नव्हतं. म्हणजे जगात हे जाणणारा मी एकटाच. आणि आता तुम्ही.

— लिहून घेऊ नका. पेन ठेवा खाली. — अस्सं, सवय. ठीक आहे.

नाही, तुम्ही म्हणाल, आता कुणाला सांगायचं काय कारण, झाकली मूठ सव्वा लाखाची. मीही स्वतःला तेच सांगत आलो. वर हेही सांगत आलो की, बाबा रे, तू खरं बोललास तर खोटी कोण पडेल? ती. स्टेशनावर दोन्ही वेळा सांगत सुटली होती, ती. सात वर्षं मी तिची अब्रू राखतोय असं धरून चाललो. आणि आज तुम्ही हा कागद पुढे ठेवलात, त्यावर ही चांदणी. दगडात. आता पन्नास वर्षं कुणीही गाडीची वाट बघत बसेल आणि ती चांदणी बघेल आणि कुणालाच कळणार नाही. कळणार नाही, याचंच मला... राहू दे.

द्या तो कागद. पेनही द्या, माझं झरतं. हे बघा, हिचं नाव — राहील. वाक्य — राहील. त्याच्याखाली "माननीय खासदारांनी संसदेत केलेल्या भाषणातून" — ही ओळ मी खोडतोय. चांदणीसकट. माझं नावही. वाक्याखाली कुणाचंच नाव नको, वर तिचं आहे तेवढं पुरे. — दगड कोरायला दिलाय? मग माणूस पाठवा आजच्या आज, छिन्नी अजून तिथवर आली नसेल. आली असेल तर घासा. — कारण? कारण लागतंच का? शेऱ्याच्या रकान्यात. बरं. लिहितो. "सदर भाषण... सभागृहात... झालेले नाही." आणि ही सही. ही दुसरी. ही तिसरी.

हो, विचारतील. वरचे विचारतील, वर्तमानपत्रवाले विचारतील, मुलगी तर आधी विचारेल. सांगीन. रविवारच्या आत सांगीन तिला. आज जेवतानाच... सांगीन हो.

घडी घाला त्याची. आतल्या खिशात ठेवा, पिशवीत नको. चहा राहू दे, थंड झाला. आता तुम्ही उठा आणि निघा, गाडीला वेळ असला तरी निघा, स्टेशनावर बसा. आणि एक ऐका — मी बोलका माणूस आहे, मला मी ओळखतो. तुम्ही फाटकापर्यंत पोहोचायच्या आत मला काहीतरी सुचेल, आणि मी हाक मारीन. गोड आवाजात मारीन. थांबू नका. वळून बघू नका. कागद मागितला तरी द्यायचा नाही, समजलं? — या तर मग. चप्पल तिकडे, दाराच्या डावीकडे. सांभाळून, पायरी आहे.

...

अहो... अहो, जरा ऐका... अहो, एक मिनिट—